पोट भरलेलं, तरी उपाशी: कुरणातल्या गुरांना शेंगवर्गीय चाऱ्याची जोड

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातला सप्टेंबर म्हणजे आपला मे. शेवटचा दमदार पाऊस होऊन चार-पाच महिने उलटलेले असतात. रान पिवळंधमक, गवत गुडघ्याच्या वर, आणि त्या गवतात उभा असलेला बैल बरगड्या मोजाव्यात इतका उतरलेला. चारा पायाशी पसरलाय, तोंड घालायचा अवकाश. तरी त्याचं वजन रोज थोडंथोडं घटतंय.

या चित्रात आपल्याला परकं वाटावं असं फार थोडं आहे. ते गवत म्हणजे आपली कुसळी. माळावरून चालताना पायजम्यात घुसते ना, तीच. शास्त्रीय नावसुद्धा एकच. जिथे जंगल साफ करून मुद्दाम कुरण केलंय तिथे बफेल नावाचं गवत, म्हणजे आपलं अंजन. आणि बैल आहे ब्राह्मण जातीचा. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची कृष्णा खोरे या आपल्या वशिंडवाल्या गुरांपासून अमेरिकेत ही जात तयार झाली आणि १९३३ साली ऑस्ट्रेलियात पोचली. फरक एवढाच, की तिथे हे जनावर दुधासाठी किंवा औतासाठी पाळत नाहीत, मांसासाठी पाळतात. त्यामुळे सगळा हिशेब एकाच आकड्यावर येतो: वर्षाला वजन किती वाढलं? आपल्याकडे हा हिशेब बोकड पाळणारे करतात, तसाच.

तर मग गवतात उभा राहून बैल वाळतो कसा?

गाय गवत खाते हे अर्धंच खरं. गाय गवत तोडते, कोठीपोटात नेऊन साठवते, रवंथ करून बारीक करते. ते फोडणारे असतात कोठीपोटातले जिवाणू. गवताचे चिवट तंतू पचवायची ताकद गाईच्या अंगात नाही, ती त्यांच्यात आहे. ते गवत आंबवतात, त्यातून सुटणाऱ्या आम्लांवर गाय चालते-फिरते, आणि पुढे आतड्यात खुद्द त्या जिवाणूंनाच पचवून स्वतःची प्रथिनं मिळवते. या जिवाणूंना वाढायला नत्र लागतं. चाऱ्यात सात टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आहेत तोवर त्यांचं भागतं. त्याखाली गेलं की त्यांची पैदास मंदावते. वाळलेल्या कुसळीत प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर आलेली असतात. मग गवत कोठीपोटात नुसतं पडून राहतं. फुटत नाही, बारीक होत नाही, पुढे सरकत नाही. आधीचं हलल्याशिवाय नवीन मावणार कुठे? म्हणून बैल चरणंच कमी करतो. पोट तट्ट, आणि जनावर उपाशी.

तिथले जाणते पशुपालक हे शेण बघून ओळखतात. पावसाळ्यातला पो सैल आणि पसरट असतो. सप्टेंबरातला उंच, घट्ट, थरावर थर चढलेला, आणि पायाने फोडला तर आत अख्ख्या काड्या. नुसत्या वाळल्या वैरणीवरचं शेण आणि लसूणघासावरचं शेण यातला फरक आपल्याकडच्या गोवऱ्या थापणाऱ्या बाईला कुणी शिकवावा लागत नाही. गोष्ट तीच आहे.

दोष गवताचा आहे असंही नाही. उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं ऊस, मका, ज्वारीच्या पठडीतली. थोड्या नत्रात ढीगभर पाला-काडी वाढवण्यात ती पटाईत आहेत. गवताच्या बाजूने बघितलं तर हा काटकसरी संसार झाला. खाणाऱ्याच्या ताटात मात्र भाकरीच भाकरी आणि डाळीचा पत्ता नाही.

डाळ बाहेरून वाढता येते. उत्तर ऑस्ट्रेलियात कोरड्या महिन्यांत युरिया, मीठ, मळी यांचं चाटण ठेवतातच. युरियातलं नत्र थेट जिवाणूंना मिळतं आणि वजनाची घसरण थोपते. पण कुरणं हजारो हेक्टरांची, गुरं विखुरलेली, आणि ट्रकने चाटण पोचवायचं म्हणजे डिझेल आलं, माणूस आला. शिवाय चाटणाने बैल टिकतो, फारसा वाढत नाही. तेव्हा डाळ कुरणातच उगवली तर?

शेंगवर्गीय वनस्पतींचं मर्म मुळांत असतं. हरभरा किंवा भुईमूग फुलावर असताना एक रोप खुरप्याने मातीसकट काढा (ओढून उपटलं तर बघायची गोष्ट जमिनीतच राहते). मुळं पाण्यात हलवून धुतली की मोहरी-ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट दिसलं तर बंद. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच भाऊबंदाचा. आत राहणाऱ्या रायझोबियम जिवाणूंना जगायला प्राणवायू हवा, पण हवेतलं नत्र पकडण्याचं त्यांचं यंत्र प्राणवायूने बिघडतं. हा लाल पदार्थ तो बेताबेताने पुरवतो. रोप जिवाणूंना साखर देतं, जिवाणू रोपाला नत्र देतात. एक टन वाळका शेंगवर्गीय चारा तयार होताना ढोबळमानाने २० ते २५ किलो नत्र हवेतून येतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो असतं, म्हणजे टनामागे एक गोणी धरा. मात्र प्रत्येक पिकाचा जिवाणू ठरलेला. नवीन मुलखात नवीन झाड लावायचं तर त्याचं जिवाणूसंवर्धक बियाण्याला चोळावंच लागतं, नाहीतर रोप पिवळं पडून बसतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, आणि तो कृषी मेळाव्यांतल्या भाषणांतूनही ऐकू येतो: शेंगवर्गीय रोप शेजारच्या गवताला मुळांमधून नत्र पाजतं. तसं फारसं होत नाही. रोप आपलं नत्र आपल्याकडेच ठेवतं. गवतापर्यंत ते पोचतं गळलेल्या पानांतून, मेलेल्या मुळांतून आणि गुरांच्या शेण-मुतातून. त्याला वर्षं लागतात. पहिला फायदा थेट तोंडाचा असतो. शेंगवर्गीय पाल्यात १५ ते २५ टक्के प्रथिनं असतात, मुळं खोल गेल्यामुळे गवत वाळल्यावरही तो काही आठवडे हिरवा राहतो, आणि वाळल्या गवतासोबत त्याचे चार घास गेले तरी कोठीपोटातले जिवाणू कामाला लागतात. बैल मग ते नावडतं गवतही जास्त खातो. ही खरी कमाई.

मध्य क्वीन्सलंडला या कमाईची गरज वेगळ्या कारणानेही पडली. तिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिगलो नावाच्या बाभळीच्या भावकीतल्या झाडांची जंगलं तोडून अंजन पेरलं गेलं. पहिली काही वर्षं गवत असं माजलं की बघत राहावं, कारण जंगलाने साठवलेलं नत्र मोकळं झालं होतं. मग दरवर्षी ते थोडं कमी, थोडं कमी. नत्र पळून गेलं नव्हतं. गवताच्या जुन्या मुळांत आणि कुजक्या पाल्यात अडकून पडलं होतं. कणगी भरलेली, पण झाकण उघडत नाही. अशा थकलेल्या कुरणांत जे झाड सर्वांत यशस्वी ठरलं ते आपल्या बांधावरचं: सुबाभूळ.

सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. मेक्सिकोतल्या वाहाका राज्याचं नावच या झाडाच्या तिथल्या नावावरून पडलंय. आपल्याकडे १९७० च्या दशकात मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने हवाईतल्या उंच जातींचा प्रसार केला. आपण ती तोडून आणून गुरांपुढे, शेळ्यांपुढे टाकतो. क्वीन्सलंडमध्ये जनावर स्वतः जाऊन ओरबाडतं. सहा ते दहा मीटर अंतराने सुबाभळीच्या ओळी, मधल्या पट्ट्यात अंजन किंवा दुसरं गवत. अशी सव्वा लाख हेक्टरांच्या घरात लागवड तिथे आहे. नुसत्या कुसळीच्या रानात बैल वर्षाला १०० किलोच्या आतबाहेर वाढतो. चांगल्या अंजनावर दीडशेच्या पुढे जातो. सुबाभूळ आणि गवत एकत्र मिळालं तर चांगल्या जमिनीत अडीचशे ते तीनशे किलोपर्यंत. विक्रीला तयार व्हायला जनावराला एक उन्हाळा कमी काढावा लागतो, आणि पशुपालकाच्या दृष्टीने सगळा पैसा त्या वाचलेल्या उन्हाळ्यात आहे.

मग सगळ्यांनी का लावली नाही? एक तर तिला खोल, निचऱ्याची, आम्ल नसलेली जमीन लागते, स्फुरद लागतं, आणि कडाक्याचं दव गोठलं की पाला जळतो. दुसरं म्हणजे रोपपणी ती भलतीच मंद. बियाण्याचं कवच टणक, गरम पाण्याची किंवा घासणीची प्रक्रिया केली नाही तर निम्मं बी जमिनीत पडून राहतं. उगवलं तरी पहिले काही महिने वरती वीतभर आणि खाली मुळंच मुळं. त्या काळात ओळीत तण शिरलं किंवा कांगारूच्या जातीतल्या वॉलबींनी शेंडे खाल्ले की संपलं. गवतात बी फेकून मोकळं होऊ म्हणणाऱ्यांचे पैसे बुडतात. नांगरून, तण मारून, जमिनीत ओल साठवून, पिकासारखी पेरावी लागते. एकदा बसली की मात्र ३०-४० वर्षं हलत नाही.

आणि तिसरं कारण विषाचं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या टांगेवाल्याने ओढ्याकाठची सुबाभूळ घोड्याला महिनाभर चारली. फुकटचा हिरवा चारा, कोण सोडतो? घोड्याची आयाळ झडली, शेपटीचा झाडू झाला. गल्लीचं निदान ठरलं: नजर लागली. लिंबू-मिरची बांधून झालं, बिब्बा झाला. खरं कारण पाल्यातलं मिमोसिन होतं. केस वाढवणाऱ्या पेशींचं काम ते थांबवतं. (ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञांनी याच गुणाचा उपयोग करून कात्री न लावता मेंढ्यांची लोकर उतरवता येते का, हेही तपासून पाहिलं होतं.)

रवंथ करणाऱ्या जनावरात गोष्ट एक पायरी पुढे जाते. कोठीपोटात मिमोसिनचं लवकरच दुसरं रसायन बनतं, त्याला थोडक्यात डीएचपी म्हणतात. ते थायरॉइडला आयोडीन वापरू देत नाही. गळ्याला गाठ येते, तोंडातून लाळ गळते, भूक मरते. क्वीन्सलंडच्या बैलांना हेच व्हायचं. सुरुवातीला वजन झपाट्याने वाढायचं, मग सुबाभळीचा वाटा मोठा झाला की गाडी अडायची.

सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेतले रेमंड जोन्स यांच्या नजरेला एक विसंगती आली. हवाईत शेळ्या जवळजवळ नुसत्या सुबाभळीवर जगतात, त्यांच्या गळ्याला काही होत नाही. झाड तेच, विष तेच. मग फरक पोटात असणार. हवाईच्या शेळ्यांच्या कोठीपोटात डीएचपी खाऊन टाकणारा एखादा जिवाणू असावा, आणि ऑस्ट्रेलियातल्या गुरांकडे तो कधी पोचलाच नसावा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडच्या शेळीच्या कोठीपोटातला रस ऑस्ट्रेलियात आणून जनावरांच्या पोटात सोडला गेला, आणि लक्षणं मिटली. घरचं विरजण संपलं की शेजारून वाटीभर आणतो, अगदी तसं. त्या जिवाणूला १९९२ साली रीतसर नाव मिळालं, सिनर्जिस्टीस जोन्साय. त्यात जोन्स यांचं आडनाव आहे.

हे विरजण आता क्वीन्सलंड सरकारच्या प्रयोगशाळेत टाक्यांमध्ये आंबवून, गोठवून पशुपालकांना मिळतं. सगळ्या कळपाला पाजावं लागत नाही. दहातल्या एका जनावराला पाजून सुबाभळीत सोडलं की काही आठवड्यांत बाकीच्यांना ते आपोआप लागतं. अलीकडच्या अभ्यासांनी या सुरेख गोष्टीला थोडा फाटा फोडलाय: इंडोनेशियातली बरीच गुरं जिवाणूंचं काम अपुरं असतानाही ठणठणीत दिसतात, कारण यकृतही डीएचपीला दुसऱ्या पदार्थाशी बांधून लघवीवाटे घालवतं असं दिसतंय. म्हणजे विरजण किती आणि यकृत किती, यावर वाद चालू आहे. घोड्याला कोठीपोटच नाही, त्यामुळे आमच्या टांगेवाल्याला या शोधाचा काही उपयोग नव्हता.

सुबाभळीला चांगली जमीन लागते. हलक्या, मुरमाड, पडीक रानासाठी स्टायलो नावाची दुसरी शेंगवर्गीय वनस्पती. हिची कहाणी मात्र धडा शिकवणारी आहे. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या टाउन्सव्हिल शहराच्या नावाने ओळखली जाणारी स्टायलो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीही न आणता, बहुधा मालाबरोबर चिकटून त्या किनाऱ्यावर आली आणि आपोआप पसरली. पशुपालक खूश, संशोधक खूश, सगळीकडे तीच एक. मग १९७३ च्या सुमारास करपा आला आणि दोन-चार वर्षांत ती जवळपास साफ झाली. एकच जात, मैलोन्मैल, शेजारी-शेजारी. बुरशीला आणखी काय हवं होतं? तिच्या जागी सेका आणि व्हेरानो या दुसऱ्या प्रजातींतल्या, करप्याला दाद न देणाऱ्या जाती आल्या, आणि आज उत्तर ऑस्ट्रेलियात स्टायलो दहा लाख हेक्टरांपेक्षा जास्त रानात आहे. पेरणी स्वस्त. विमानातून बी फेकतात, काही जण गुरांच्या खाण्यात मिसळतात, शेणातून ते रानभर पोचतं. वाढ वर्षाला जनावरामागे ३० ते ६० किलो जादा. सुबाभळीपुढे कमी वाटेल, पण जिथे दुसरं काही येतच नाही तिथली ही वाढ आहे. अट एकच: स्टायलो कमी स्फुरदात जगते, तिला खाणारा बैल जगत नाही. अशा जमिनीत त्याला स्फुरद चाटणातून द्यावंच लागतं.

गुरांची आवड हाही एक प्रश्न. पहिला पाऊस पडला की गवत कोवळं, गोड. बैल स्टायलोकडे ढुंकूनही बघत नाही. गवत पक्व झालं की मग तिच्याकडे वळतो. त्यामुळे कोवळ्या दिवसांत गवताचाच फडशा पडतो आणि जादा गुरं सोडली तर काही वर्षांत कुरणात स्टायलोच स्टायलो उरते. गवत गेलं की माती उघडी पडते, धुपते, आणि नुसत्या शेंगवर्गीय आच्छादनाखाली हळूहळू आम्लही होते. जोडी लावायची म्हणून आणलेली सवत घरधनीण होऊन बसते, म्हणा. उपाय जुनाच आहे: पावसाच्या सुरुवातीला काही आठवडे कुरण बंद ठेवायचं.

बैलाने खरोखर किती स्टायलो खाल्ली हे कळायची एक युक्ती मला फार आवडते. गवत आणि शेंगवर्गीय झाडं हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने पकडतात, त्यामुळे जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण दोघांत वेगवेगळं असतं. ते प्रमाण शेणात उतरतं. मूठभर शेण प्रयोगशाळेत गेलं की बैलाच्या ताटात भाकरी किती आणि डाळ किती होती ते कळतं.

मिथेनचाही फायदा सांगतात: सुबाभळीतल्या टॅनिनसारख्या पदार्थांमुळे ढेकरांतला मिथेन कमी होतो. हे खरं आहे, पण पशुपालक त्यासाठी ती लावत नाहीत. टॅनिनचा त्यांना भावणारा गुण वेगळा: ओल्या लसूणघासाने होते तशी पोटफुगी सुबाभळीने सहसा होत नाही.

आता दुसरी बाजू. सुबाभूळ जगातल्या १०० सर्वांत त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, आणि यादी करणाऱ्यांनी अन्याय केलेला नाही. आपल्याकडेही नाल्याकाठी, रेल्वेच्या कडेला ती कशी माजते ते आपण बघतोच. जिथे गुरं पोचत नाहीत तिथे शेंगा पिकतात आणि बी वर्षानुवर्षं जमिनीत दबा धरून राहतं. क्वीन्सलंडच्या सुबाभूळ-उत्पादकांनी स्वतःची आचारसंहिता केली आहे: ओढ्या-नदीपासून अंतर ठेवा, भोवती गवताचा पट्टा राखा, झाड उंच होऊ देऊ नका. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारला तेवढ्याने समाधान नाही. तिथे सरकारी पट्ट्यावरच्या कुरणांत तिला मज्जाव आहे, आणि बीच न धरणारी सुबाभूळ तयार करायचे प्रयत्न चालू आहेत.

राहिली जड काळी माती, जिथे स्टायलोचे बहुतेक प्रकार रुजत नाहीत आणि पाऊस सुबाभळीला पुरत नाही. तिथलं उत्तर मिळालं ते अडगळीतून. जेम्स कुक विद्यापीठातले ख्रिस गार्डिनर जुन्या सरकारी चाचण्यांच्या सोडून दिलेल्या जागा शोधत फिरले. कित्येक वर्षं तिथे कुणी फिरकलं नव्हतं. दुष्काळ येऊन गेले होते, गुरं वाट्टेल तशी चरून गेली होती, पेरलेल्या जातींपैकी बहुतेक नाहीशा झाल्या होत्या. डेस्मँथस नावाची शेंगवर्गीय वनस्पती मात्र उभी होती, स्वतःचं बी टाकून आसपास पसरलेली. तिच्यातून निवडलेल्या पाच जातींचं मिश्रण, वेगवेगळ्या वेळी पक्व होणाऱ्या, एकाच पिशवीत घालून २०१२ च्या सुमारास बाजारात आलं. आपल्याकडच्या शेळीपालकांना ही डेस्मँथस नावाने कळणार नाही. तिच्या एका प्रजातीला आपण दशरथ घास म्हणतो आणि विळ्याने कापून पेंडी बांधतो.